कुसळवाडीचे जावई आणि फुकटची ट्रॅम

एका गावात एक भोळा जावई होता. म्हणजे गावात तो नुसताच भोळा होता. जावई तो शहरात होता. गावाचं नाव कुसळवाडी आणि त्याचं नाव लहानू.

लहानू कुणाचं ऐकत नाही, असं कुणाला म्हणता आलं नसतं. तो सगळ्यांचं ऐकायचा. एकदा आई म्हणाली, मी येईपर्यंत चुलीपुढनं हलू नको. ती गेली बहिणीकडे आणि बहिणीनं तिला मुक्कामाला ठेवून घेतलं. चूल विझली. मांजर भाकरी घेऊन गेलं. लहानू हलला नाही. आई परत आली तेव्हा त्यानं विचारलं, "आलीस? मग हलू का?"

वैशाखात त्याचं लग्न झालं. बायको शहरातली, सुगंधा नावाची. ती बोलायची कमी, बघायची फार. थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं, की ह्या माणसाला भांडी घासा म्हटलं की तो भांडी घासतो. कुणी बघत असलं तरी घासतो. कुसळवाडीत असा दुसरा नवरा नव्हता. तिनं तक्रार करायचा विचार सोडून दिला.

तक्रार तिच्या वडलांची होती. हैबतरावांचं जुन्या शहरात, भांडेगल्लीत, पितळी भांड्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. साधी वाटी विकत घेताना ते ती कानाशी धरून वाजवून बघायचे. जावई मात्र मध्यस्थाच्या शब्दावर घेतला, वाजवायचा राहून गेला. तेव्हापासून त्यांना झोप नीट लागत नव्हती.

लग्नापाठोपाठ धोंड्याचा महिना लागला. हा महिना तीन वर्षांतून एकदा येतो, आणि त्यात जावयाला नारायण समजून जेवायला घालतात. त्या दिवशी जावई पाटावर बसल्याशिवाय घरात कुणी घास घेत नाही. एरवी त्या जावयाबद्दल घरात जे बोललं जातं, ते त्या दिवशी बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलतात.

हैबतरावांनी लेकीला आधीच आणून ठेवलं आणि जावयाला महिन्याच्या शेवटच्या दिवसाचं आवतण धाडलं. मग सुगंधाला स्वच्छ सांगितलं. त्यानं एकट्यानं यायचं, चार माणसांत नीट जेवायचं आणि तुला घेऊन एकट्यानं जायचं. "एवढंही जमलं नाही, तर तू त्याच्याबरोबर जाणार नाहीस. इथंच राहायचं. पुढचं पुढं बघू."

सुगंधा बरं म्हणाली. तिला परत जायचं होतं. पण माहेरी बसून असं तोंडानं म्हणायची पद्धत नाही, म्हणून ती अनारशाचं पीठ मळत राहिली.

इकडे कुसळवाडीत लहानूच्या आईनं शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा भरला आणि जाता जाता पंगतीची रीत सांगितली. चार लोकांत बसलास की वडीलधारं माणूस उठेपर्यंत उठायचं नाही. पोट भरलं असलं तरी नाही, पायाला मुंग्या आल्या तरी नाही. शेजारचा म्हातारा उठला की मग आपण उठायचं.

लहानूला पटलं. त्याला सगळंच पटायचं.

एसटीतून तो शहरात उतरला. तिथं नगरपालिकेनं पाहुण्यांसाठी फुकटची ट्रॅम सुरू केली होती. पिवळी, लाकडी बाकांची, दोन्ही बाजूंनी उघडी. स्टँडवरून निघायची, राजवाडा, तळं, घड्याळाचा मनोरा, भांडेगल्ली करत गोल फिरून परत स्टँडवर यायची. पाहुण्यांनी जुनं शहर बघावं, असा हेतू होता. पण फुकट म्हटल्यावर गावातलीच माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन बसायची, आणि पाहुणे खांबाला धरून त्यांच्याकडे बघायचे.

वाहकबाईंचं नाव जयमाला. तिकीट फाडायचं काम नसल्यामुळे त्यांच्या गळ्यात कर्णा दिला होता, आणि त्यातून त्या शहराची माहिती सांगायच्या.

"डावीकडे राजवाडा. आत काही नाही, बाहेरनंच बघा. उजवीकडे तळं. पाणी पावसाळ्यात."

लहानूला जागा मिळाली ती गद्रे आजोबांच्या शेजारी. गद्रे आजोबा रोज दुपारी वाऱ्याला म्हणून ट्रॅममध्ये बसायचे आणि राजवाडा यायच्या आतच त्यांचा डोळा लागायचा. आजही लागला. लहानूनं डबा मांडीवर घेतला आणि नीट मांडी घालून बसला.

भांडेगल्लीच्या थांब्यावर सुगंधा उभी होती. ट्रॅम थांबली. नवरा समोर दिसला. ती म्हणाली, "उतरा."

लहानूनं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी आजोबांकडे दाखवलं. "अजून बसलेत," तो कुजबुजला.

घंटा झाली. ट्रॅम गेली.

सुगंधाला वाटलं, त्याला ऐकू गेलं नसेल. तिनं ट्रॅम फिरून येईपर्यंत वाट बघितली. ट्रॅम आली. लहानू तिथंच होता, आजोबाही तिथंच होते. आता ते घोरत होते.

"अहो, उतरा ना."

"हे उठले की लगेच," लहानू म्हणाला. "माझं कधीच झालंय."

ट्रॅम गेली. हैबतराव दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, ते जावईबापू होते का. सुगंधा हो म्हणाली. मग उतरले का नाहीत?

"शहर बघतायत," ती म्हणाली.

"मघाशीपण तेच गेले."

"नीट बघतायत."

पुढच्या फेरीला ती ट्रॅमच्या पायरीवर चढली आणि नवऱ्याशी काही न बोलता तिनं गद्रे आजोबांच्या खांद्याला हात लावला. आजोबा जरा उठता का, म्हणाली. आजोबांना वाटलं आपलं घर आलं. ते उठले. ते उठताच लहानूही उठला, आणि दोघं बरोबरच खाली आले. आजोबांनी इकडंतिकडं बघितलं, हे आपलं घर नाही हे ओळखलं, आणि पुढच्या ट्रॅमची वाट बघत बाकावर बसले. लहानूही त्यांच्या शेजारी बसत होता. सुगंधानं त्याला दंडाला धरून उठवलं.

तेवढ्यात चढणाऱ्यांची झुंबड उडाली. जयमालाबाईंनी कर्णा तोंडाला लावला. "आतल्यांना आधी बाहेर पडू द्या. बाहेरच्यांनी बाजूला उभं राहायचं. सगळे बाहेर आले की मगच आत शिरायचं."

हे गर्दीला सांगितलं होतं. पण लहानू गर्दीतच होता. त्यानं ते डोक्यात ठेवलं.

वर घरात पंगत मांडून तयार होती. शेजारपाजारचे आले होते, सासूबाईंचे, म्हणजे मामींचे, भाऊ आले होते. पानं वाढलेली, समया लावलेल्या, आणि नारायण यायचा म्हणून सगळे उपाशी बसलेले. लहानू जिना चढून दाराशी आला. त्यानं आत डोकावून बघितलं. आत बरीच माणसं होती. तो बाजूला झाला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"या, जावईबापू, आत या," हैबतराव म्हणाले.

"तुम्ही या आधी," लहानू म्हणाला.

पहिल्यांदा सगळ्यांना कौतुक वाटलं. मुलगा मर्यादशील आहे, असं मामींचे भाऊ म्हणाले. हैबतरावांनी पुन्हा बोलावलं. लहानू पुन्हा, आधी तुम्ही. तिसऱ्यांदा हैबतराव उठून बाहेर आले आणि त्यांनी जावयाचा हात धरला. लहानूनं अंग चोरून त्यांना नीट वाट दिली आणि पुन्हा भिंतीला टेकला. आत अजून माणसं होती.

आता मामींना वेगळीच शंका आली. त्यांनी नवऱ्याला खुणेनं सांगितलं, की जावई रुसलेत. जावई सासरी आला की एकदा रुसायचाच. त्याच्या हातात काही ठेवलं की रुसवा जातो. हैबतराव खाली दुकानात गेले. आधी तांब्या घेतला, मग तो ठेवून हंडा घेतला, कारण चार लोक बघत होते. पितळेचा चांगला जड हंडा त्यांनी वर आणून जावयाच्या हातात दिला.

लहानूनं हंडा घेतला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात हंडा, आणि तो तिथंच उभा.

"फारच रुसलेत," मामी म्हणाल्या.

मग एकेक माणूस समजूत काढायला बाहेर येऊ लागलं. मामींचे भाऊ आले. शेजारचे आले. त्यांच्या बायका आल्या. जो बाहेर येईल त्याला लहानू वाट करून द्यायचा. शेवटी मामी स्वतः आल्या, हातात वाढायचा डाव घेऊनच. लहानूनं पुन्हा आत डोकावून बघितलं. घर रिकामं झालं होतं.

मग तो आत गेला, हंडा कोपऱ्यात ठेवला, डबा फडताळापाशी ठेवला आणि आपल्या पाटावर जाऊन बसला. अख्खी पंगत जिन्यात उभी होती.

"आता या," त्यानं बाहेरच्यांना सांगितलं.

सुगंधानं त्याच्या पानात मीठ वाढता वाढता मान खाली घालून बजावलं. हे मनाचं काही करू नका. इथं बोलावलं की यायचं, बसा म्हटलं की बसायचं, घ्या म्हटलं की घ्यायचं.

लहानूला पटलं.

जेवणं सुरू झाली. मामी अनारशांचं ताट घेऊन आल्या. जावयाच्या पानात त्यांनी चार घातले आणि रीत म्हणून म्हणाल्या, अजून एक घ्या. लहानूनं घेतला. आता जावयानं घेतल्यावर लगेच ताट उचलून पुढं जायचं म्हणजे सासूची शोभा. त्या म्हणाल्या, आमच्यासाठी एक. लहानूनं घेतला. मग मामांच्या नावानं घ्या झालं, सुगंधाच्या नावानं घ्या झालं. लहानूची भूक केव्हाच संपली होती. पण घ्या म्हटलं जात होतं. मामींना थांबता येत नव्हतं आणि लहानूला नाही म्हणता येत नव्हतं. पंगतीतली बाकीची माणसं त्या ताटाकडे बघत होती. ते त्यांच्यापर्यंत आलंच नाही.

शेवटचा अनारसा मामींच्या चुलतसासूच्या नावानं गेला. त्या हयातही नव्हत्या.

हैबतरावांनी आपल्या कोरड्या पानाकडे बघितलं. आज समोर नारायण होता, म्हणून त्यांनी आवाज चढवला नाही. दात आवळून ते म्हणाले, "जावईबापू, कुणी आग्रह केला की पानावर हात आडवा धरायचा. म्हणायचं, नको, नको, आत्ताच झालं. मनात असलं तरी असं म्हणायचं. ह्याला शहाण्या माणसाची वागणूक म्हणतात."

लहानूला हे फारच पटलं. अगोदर सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या पोटालाही वाटत होतं.

ऊन उतरलं तशी निघायची तयारी झाली. कुसळवाडीची शेवटची एसटी चुकवायची नव्हती. दाराशी हैबतराव उभे राहिले. आला तो धड आला नाही, जेवला तो धड जेवला नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण जावई शेवटी घरात पोचला होता, पाटावर बसला होता आणि पंगतीच्या आधी उठलाही नव्हता. तेव्हा त्यांनी उरलेलं सगळं एका वाक्यात बसवलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं.

"निघालेलं माणूस रस्त्यातनं परत आलं, तर ते इथंच राहील. मग मी कुणाचं ऐकणार नाही."

सुगंधानं गाठोडं उचललं, लहानूनं पिशवी आणि हंडा. दोघं थांब्यावर गेली. ट्रॅम आली.

"चढा, चढा, लवकर," जयमालाबाई म्हणाल्या.

लहानूनं हंडा खाली ठेवला आणि हात आडवा धरला. "नको, नको," तो म्हणाला. "आत्ताच झालं."

जयमालाबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. हा मघाशी तीन वेळा फिरलेला पाहुणा होता. झालं असेल, असं त्यांनाही वाटलं. मामींसारखा आग्रह करायचा त्यांना पगार नव्हता. त्यांनी घंटा वाजवली.

"काय केलंत?" सुगंधानं विचारलं.

"एकदम चढलो तर मामांना काय वाटेल?"

मामा दुकानातून बघत होते. त्यांना काय वाटत होतं, ते थांब्यापर्यंत दिसत होतं. सुगंधानं पदर सारखा केला आणि हसून वडलांना हात केला, जणू ट्रॅम गेली हे बेतानंच घडलं होतं.

पुढची ट्रॅम यायच्या आत मामी धावत आल्या. डबा विसरला होता. कुसळवाडीहून आलेला लाडवांचा डबा. लहानूनं तो हलवून बघितला. आत काहीतरी खुळखुळलं.

अनारसे उरले नाहीत, मामी म्हणाल्या, आणि ते का उरले नाहीत हे त्यांनी जावयाच्या तोंडावर सांगितलं नाही. म्हणून खडीसाखर घातली. "ज्या भांड्यातनं आपल्याकडे काही आलं, ते भांडं रिकामं परत पाठवू नये. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालावी. पण रिकामं पाठवू नये. बरं दिसत नाही."

लहानूनं मान हलवली. त्याच्या आईचंही असंच असायचं. पण असं कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

ट्रॅम आली. सुगंधा आधी चढली आणि जयमालाबाईंनी तोंड उघडायच्या आत तिनं नवऱ्याला बाहीला धरून आत ओढलं. हैबतराव दुकानाच्या पायरीवर उभं राहून ट्रॅम वळेपर्यंत बघत राहिले. मग आत जाऊन बसले.

स्टँड आलं. कुसळवाडीची एसटी उभीच होती. सगळी माणसं भराभर उतरली. लहानू खाली उतरला आणि सुगंधा आतून सामान देऊ लागली. हंडा दिला, पिशवी दिली, डबा दिला, गाठोडं दिलं. ती स्वतः उतरायला वळली, तेव्हा लहानूची नजर आत गेली.

ट्रॅम रिकामी होती. ह्या ट्रॅमनं त्याला भांडेगल्लीला नेलं, भांडेगल्लीहून आणलं, वर एक पैसा घेतला नाही. आणि आता ती तशीच परत निघाली होती. लांबडी होती, पिवळी होती, दोन्ही बाजूंनी उघडी होती. पण तिच्यातनं आपल्याकडे आलं होतं हे खरं.

"थांब," तो म्हणाला. "उतरू नको. बस तिथंच."

सुगंधाला वाटलं बाकाखाली काही राहिलं. ती वाकून बघायला लागली. घंटा झाली. ट्रॅम निघाली, आणि लहानूनं समाधानानं हात हलवला.

जयमालाबाई कर्णा सावरत मागं आल्या. "काय राहिलं ताई?"

"नवरा," सुगंधा म्हणाली.

मध्येच उतरून पायी परत जावं, तर तेवढा वेळ हातात नव्हता. ट्रॅमच आधी पोचली असती. तेव्हा बसून राहणं भाग होतं. पण वाटेत भांडेगल्ली होती आणि दुकानाच्या पायरीवर पुन्हा हैबतराव येऊन उभे होते. निघालेलं माणूस रस्त्यातून परत आलेलं त्यांनी बघितलं असतं, की संपलं. सुगंधानं जयमालाबाईंना थोडक्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचंही लग्न झालेलं होतं.

भांडेगल्ली आली तशी सुगंधा दोन बाकांच्या मध्ये खाली बसली. जयमालाबाई तिच्यापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी कर्णा लावला. "उजवीकडे बघा. जुनी पाण्याची टाकी. सगळ्यांनी उजवीकडे बघा."

ट्रॅममध्ये दुसरं कुणी नव्हतं. हैबतरावांनी उजवीकडे बघितलं. जन्म त्या टाकीसमोर गेला होता, तरी बघितलं. ट्रॅम पुढं गेली.

स्टँडवर एसटीचं इंजिन सुरू झालं होतं. ट्रॅममध्ये सुगंधा दिसली तशी लहानूची कळी खुलली. भांडं गेलं तसंच भरून परत आलं होतं. ती माणसं चांगली होती.

सुगंधा खाली उतरली. तिला बोलायचं पुष्कळ होतं, पण एसटीचा वाहक दारावर थाप मारत होता. तिनं एकच गोष्ट सांगितली, आणि ती नवऱ्याकडून वदवून घेतली. मला पुन्हा ह्या ट्रॅममध्ये घालायचं नाही.

"नाही घालायचं," लहानू म्हणाला.

"मी जागा धरते. तुम्ही हंडा घेऊन लगेच या." गाठोडं, पिशवी आणि डबा घेऊन ती एसटीकडे पळाली.

लहानूनं हंडा उचलला. आणि मागं वळून बघितलं.

ट्रॅम पुन्हा रिकामी झाली होती.

आता मात्र त्याला विचार करावा लागला. सुगंधाला घालायचं नव्हतं, तसा शब्द दिला होता. हंडा घालावा, तर तो मामांनीच दिलेला. ज्यानं दिलं त्याचंच त्याला परत पाठवणं हे रिकामं पाठवण्याहून वाईट. डबा सुगंधाकडे गेला. हाताशी दुसरं काहीच नव्हतं. लहानूनं हंडा एसटीच्या दारात नीट ठेवला. वाहकाला म्हणाला, आतल्या बाईंचा आहे, द्या. मग तो धावत जाऊन ट्रॅममध्ये चढला आणि मधोमध बसला, म्हणजे ट्रॅम भरल्यासारखी दिसावी.

सुगंधा खिडकीजवळ जागा धरून बसली होती. हंडा तिच्यापर्यंत आला. हंड्यामागून नवरा येईल म्हणून ती बघत राहिली. मग तिला खिडकीतून पिवळी ट्रॅम वळताना दिसली, आणि तीत एकटा बसलेला माणूस दिसला. तो तिला हात करत होता.

ती अर्धी उठली. उतरून त्याच्या मागं जायचं, तर भांडेगल्लीत वडलांना तीच परत आलेली दिसणार होती. ती पुन्हा बसली. हंडा मांडीवर घेतला. एसटी निघाली, आणि तिनं वाहकाला सांगितलं, कुसळवाडी, एक.

हैबतराव दुकान आवरत होते. ट्रॅम थांबली. एक माणूस उतरला आणि सरळ त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. हैबतरावांनी त्याच्या मागं बघितलं, बाजूला बघितलं, ट्रॅममध्ये बघितलं.

"सुगंधा कुठंय?"

"घरी गेली," लहानू म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"ट्रॅम रिकामी येत होती."

हैबतराव पायरीवर बसले. लहानूनं त्यांना दमानं समजावून सांगितलं. भांडं रिकामं परत पाठवू नये, असं मामींनी सांगितलं होतं. सुगंधाला घालू नको, असं सुगंधानं सांगितलं होतं. आणि निघालेलं माणूस रस्त्यातनं परत आलं तर ते इथंच राहील, असं मामांनी सांगितलं होतं.

"ते मी तिच्याबद्दल म्हणालो होतो," हैबतराव म्हणाले.

"माणूस म्हणाला होतात," लहानू म्हणाला. "मी पण माणूसच आहे."

समोरचा स्टोव्हवाला हो म्हणाला. पलीकडचा पत्रावळीवालाही हो म्हणाला. हैबतरावांनी ते वाक्य गल्लीला ऐकू जाईल असंच उच्चारलं होतं, आणि गल्लीला ते ऐकू गेलं होतं. लहानू जिना चढून वर गेला. आतली माणसं बाहेर आली की नाही हे आधी बघितलं. मामी एकट्याच होत्या, त्या भीतीनं बाहेर आल्या, मग हा आत गेला.

तर जावई सासरी राहिला आणि लेक सासरी गेली. कुसळवाडीत लहानूच्या आईनं सुनेच्या मागं दाराबाहेर वाकून बघितलं आणि विचारलं, तो कुठाय? सुगंधा म्हणाली, ते माहेरी राहिलेत. आई पोराला जन्मापासून ओळखत होती. तिनं पुढं काही विचारलं नाही. हंडा मात्र तिला आवडला.

भांडेगल्लीत लहानूचं बरं चाललं होतं. मामा म्हणाले भांडी घासा, त्यानं भांडी घासली. विकायची घासली, घरातली घासली, गिऱ्हाईक हातात धरून उभं असेल तेही त्याच्या हातून घेऊन घासून दिलं. मामींना तर असं माणूस घरात कधी मिळालंच नव्हतं. त्या म्हणतील तेव्हा तो उठायचा, म्हणतील तेव्हा पाणी भरायचा, आणि ऐकताना मध्ये बोलायचा नाही. शेजारणी येऊन बघून जायच्या आणि घरी जाऊन नवऱ्यांकडे बघायच्या. दोन-तीन घरांत त्यावरून बोलणी झाली. ह्याला लवकर पाठवा, असं गल्लीतल्या पुरुषांनी हैबतरावांना येऊन सांगितलं.

त्याच दिवसांत शेजारच्या घरची लेक सासरी निघाली. मामींनी लहानूला नारळ धरून बरोबर नेलं होतं. ह्या घरातून त्या घरी जाणाऱ्याची ओटी भरल्याशिवाय पाठवत नाहीत, असं त्यांनी त्याला वाटेत सांगितलं. आणि ती रडते का, असं त्यानं विचारलं तेव्हा म्हणाल्या, रडावंच लागतं. नाहीतर माहेराला वाईट वाटतं.

लहानूला पटलं.

मग एका सकाळी सुगंधा नवऱ्याला न्यायला आली. ती ट्रॅममधून उतरली नाही. एक पाय पायरीवर आणि एक आत ठेवून ती उभी राहिली, म्हणजे परत आली असं कुणाला म्हणता येऊ नये. जयमालाबाईंनी घंटेला हात लावला नाही. राजवाड्याकडून आलेले पाहुणे काय थांबलंय म्हणून वाकून बघू लागले.

"जावईबापू, निघा," हैबतराव म्हणाले. "न्यायला आलेत." आपण काय बोललो हे त्यांच्या बोलून झाल्यावर लक्षात आलं.

लहानू मामींनी भरून दिलेली पिशवी घेऊन खाली आला आणि दुकानाच्या उंबऱ्यावर थांबला. हलेना. हैबतराव म्हणाले, आता काय? हंडा हवाय का अजून एक?

लहानूनं पिशवी खाली ठेवली. सदऱ्याचा पुढचा घेर दोन्ही हातांनी धरून पसरला आणि मामींकडे वळून उभा राहिला.

मामींनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं गल्लीकडे बघितलं. गल्ली बघतच होती. मामी आत गेल्या आणि तांदूळ घेऊन आल्या. ओंजळ भरून घातली. नारळ घातला. खण राहू दे, असं हैबतराव हळू आवाजात म्हणाले. लहानू घेर धरून तसाच उभा राहिला. मामींनी खणही घातला, हिरवा, काठाचा.

ट्रॅममध्ये सुगंधानं पदर तोंडाला लावला. ती रडते आहे, असं पाहुण्यांना वाटलं.

"चढा आता," जयमालाबाई कर्ण्यातून म्हणाल्या.

पण लहानूचं अजून झालं नव्हतं. त्यानं ओटी सांभाळत हैबतरावांच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि माहेराला वाईट वाटू नये म्हणून मोठ्यांदा रडायला सुरुवात केली.